जपानी मैत्रिणींसोबत कराओकेला जाताना कोणती जुनी गाणी घ्यावीत?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही नागोयाजवळ राहता, वय 49, वृद्धांच्या देखभाल केंद्रात अर्धवेळ काम करता. सोबत सहा-सात जपानी बायका आहेत, सगळ्यात धाकटी पंचेचाळिशीची आणि सगळ्यात मोठी साठी ओलांडलेली. डिसेंबरात बोनेन्काई, म्हणजे वर्षअखेरीचं एकत्र जेवण आहे आणि तिथून सगळ्या कराओकेला जाणार आहेत. लहानपणी तुम्ही शास्त्रीय गाणं शिकलात, मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात. हिरागाना-काताकाना या अक्षरलिप्या वाचता येतात, कांजी ही चित्रलिपी बेताचीच. आणि तुम्हाला हवी आहेत 'या बायकांना आपले जुने दिवस आठवतील अशी दहा गाणी'.

मी योकोहामात राहते आणि इथल्या कोमिनकानमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारख्या ठिकाणी, बायकांच्या कराओके गटाला गाणं शिकवते. गटातल्या बहुतेक जणी पन्नाशी-साठीच्या आहेत. कोणत्या गाण्याला खोलीतल्या बायका एकदम सरसावून बसतात आणि कोणत्या गाण्याला नुसत्या सभ्यपणे टाळ्या वाजवतात, हे मी बरीच वर्षं जवळून पाहत आले आहे.

दहा गाण्यांची यादी इंटरनेटवर कुठेही मिळेल, पण ती घेऊन तुमचं काम होणार नाही. त्या रात्री तुमच्या वाट्याला जास्तीत जास्त तीन गाणी येतील. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की समोर बसलेल्या या ठरावीक बायकांच्या शाळकरी वयातलं, तुमच्या आजच्या आवाजात बसणारं आणि तुम्हाला शब्द न अडखळता म्हणता येतील असं गाणं कोणतं. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर एकच गाणं पुरतं. त्यातली एक जरी चुकली तर कितीही लोकप्रिय गाणं असो, ते वाया जातं.

आधी वयाचं बघू, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. 45 आणि 62 या दोघींना आपण मध्यमवयीन म्हणून मोकळे होतो, पण जपानी गाण्यांच्या हिशेबात त्या दोन वेगळ्या पिढ्या आहेत. जी गाणी माणसाला जन्मभर पुरतात ती साधारण तेरा ते अठरा या वयात कानावर पडलेली असतात. जपानमध्ये ही वर्षं म्हणजे चुगाक्को आणि कोको (माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा), शाळेच्या सहलीची बस आणि रात्री घरातल्यांसोबत बसून पाहिलेला टीव्हीवरचा गाण्यांचा कार्यक्रम. टीबीएस वाहिनीवर 'द बेस्ट टेन' हा कार्यक्रम 1978 ते 1989 दर गुरुवारी रात्री लागायचा. आज पंचावन्न-साठीत असलेल्या कुठल्याही बाईला त्याचं नाव काढून बघा, चेहराच बदलतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्यांची जन्मसालं काढणं. थेट वय विचारणं बरं दिसत नाही, पण डिसेंबरात ते आपसूक कळतं. नव्या वर्षाची शुभेच्छापत्रं लिहिताना पुढचं वर्ष कोणत्या प्राण्याचं ही चर्चा निघतेच, आणि 'म्हणजे माझं वर्ष येतंय', 'माझं तर ससा' असं कोणीतरी बोलतंच. बारा वर्षांचं चक्र असल्यामुळे प्राणी कळला की अंदाजाने साल सांगता येतं. कोणी शोवा सालात, म्हणजे तेव्हाच्या सम्राटाच्या कालगणनेत, सांगितलं तर त्यात 1925 मिळवा: शोवा 40 म्हणजे 1965, शोवा 50 म्हणजे 1975. यातलं काही जमलं नाही तर सरळ 'शाळेत असताना कोणाची गाणी ऐकायचात' असं विचारा. हा प्रश्न जपानी बायकांना मनापासून आवडतो आणि उत्तरातच तुमचं गाणं मिळून जातं.

1963-64 च्या आसपास जन्मलेल्यांसाठी ती नावं म्हणजे यामागुची मोमोए, कँडीज आणि पिंक लेडी. कँडीजने 1978 मध्ये ऐन भरात असताना गट विसर्जित केला. मोमोएने 1980 च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टोकियोच्या बुदोकान सभागृहात निरोपाचा कार्यक्रम केला, हातातला पांढरा मायक्रोफोन रंगमंचावर ठेवला आणि ती पुन्हा कधी गायला आली नाही. त्यामुळे या बायकांच्या मनात तिची गाणी अजून त्याच वयाची आहेत. पिंक लेडीचं 'यूएफओ' (1977) लागलं की साठीच्या बायका उठून हातवारे करतात, कारण तेव्हा शाळेच्या मधल्या सुट्टीत ते सगळ्यांनी पाठ केलेले होते. ते गाणं मात्र तुम्ही घेऊ नका, त्यांना घेऊ द्या आणि सोबत उभ्या राहा.

1966 ते 1970 च्या बायकांसाठी मात्सुदा सेइको आणि नाकामोरी आकिना. त्या काळी वर्गात सरळ दोन तट असायचे, एक सेइकोचा आणि एक आकिनाचा. सेइकोचं 'आकाइ स्वीट पी' (1982) आणि आकिनाचं 'सेकंड लव्ह' (1982) ही दोन्ही गाणी संथ आहेत, शब्द थोडके आहेत आणि पट्टी उतरवली तर झेपण्यासारखी आहेत. सेइकोचं 'आओइ सांगोशो' (1980) सगळ्यांना माहीत असतं, 2024 मध्ये न्यूजीन्स या कोरियन गटातल्या हानीने ते टोकियो डोममध्ये गायल्यावर तरुण पोरींनाही कळलं. पण त्याची सुरुवातच उंच आणि खणखणीत आहे. अठरा वर्षांच्या मुलीच्या आवाजासाठी केलेलं ते गाणं पन्नाशीला थंड आवाजाने उचलणं धोक्याचं आहे.

1972 नंतर जन्मलेल्या, म्हणजे तुमच्या वयाच्या आणि तुमच्याहून लहान, यांचं सगळंच वेगळं. प्रिन्सेस प्रिन्सेसचं 'डायमंड्स' 1989 चं, ड्रीम्स कम ट्रूचं 'मिराइ योसोझु टू' त्याच वर्षीचं, झार्डचं 'माकेनाइदे' 1993 चं, इमाइ मिकीचं 'प्राइड' 1996 चं. या मुलींनी ही गाणी टीव्हीवर ऐकली तशीच शाळा सुटल्यावर मैत्रिणींसोबत कराओके बॉक्समध्ये गायलीही. म्हणजे त्यांच्यासाठी कराओकेची खोली हाच जुन्या आठवणींचा भाग आहे, साठीच्या बाईसाठी तो तसा नाही. यंत्र तेवढं 1971 मध्ये कोबेत इनोउए दाइसुके यांनी बनवलं, पण सुरुवातीला ते बारमध्ये असायचं आणि तिथे पुरुषांचा राबता. बंद खोल्यांचे बॉक्स 1985 च्या सुमाराला ओकायामात मालवाहू कंटेनरपासून सुरू झाले आणि मगच शाळकरी मुली, घरच्या बायका बिनधास्त गायला जाऊ लागल्या.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या, जी मला इथल्या आपल्या बायकांना वारंवार सांगावी लागते. 'जुनं जपानी गाणं' म्हटलं की आपण एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावुक गाणी, धरतो किंवा गायिका मिसोरा हिबारी. पंचेचाळिशीच्या बाईसाठी एन्का हे तिच्या आईचं, क्वचित आजीचं गाणं आहे. ती आदराने ऐकेल, पण तिचं स्वतःचं काही त्यात जागं होणार नाही. हिबारीचं 'कावा नो नागारे नो यो नि' हे 1989 चं गाणं थोर आहे यात शंका नाही, त्याच वर्षी जूनमध्ये ती गेली, त्यामुळे त्याला वेगळंच वजन आहे. पण ते तुम्ही ज्यांची देखभाल करता त्या आजींसाठी ठेवा. केंद्रात दुपारी त्यांच्यासोबत म्हणाल तर सोनं होईल.

तुमच्या गटात वयं मिसळलेली आहेत, म्हणून मी तुम्हाला वयाची कुंपणं ओलांडणाऱ्या चौघींकडे वळवेन: युमिंग (आराइ युमी, लग्नानंतर मात्सुतोया युमी), नाकाजिमा मियुकी, ताकेउची मारिया आणि तेरेसा तेन. या चौघींची गाणी पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा गायली, चित्रपटांत, मालिकांत आणि लग्नांत वाजली, त्यामुळे पंचेचाळिशीपासून साठीपर्यंत सगळ्यांकडे त्यांची काही ना काही आठवण असते.

आता आवाजाचं. हे थोडं स्पष्ट बोलते. पाळी जाण्याच्या वयात संप्रेरकं बदलतात, तसे स्वरतंतूही बदलतात. बहुतेक बायकांचा आवाज थोडा खाली येतो, वरचे सूर पातळ होतात किंवा अचानक फुटतात, दम कमी पुरतो. तुमच्या जपानी मैत्रिणींचंही हेच झालेलं आहे, आणि त्यांच्या तरुणपणची गाणी मात्र विशीतल्या गायिकांच्या पट्टीत आहेत. म्हणून माझ्या गटात मी पहिल्या दिवशी शिकवते ते गाणं नसतं, पट्टी उतरवणं असतं.

यंत्राच्या रिमोटवर, 'दाम' (DAM) नावाच्या कराओके यंत्रात त्याला देन्मोकु म्हणतात, पट्टी वरखाली करायची बटणं असतात. एक टप्पा म्हणजे अर्धा सूर, पेटीवरची लगतची पट्टी. काळी चारवरून दोन टप्पे खाली आलात की काळी तीन. किती उतरवायची हे मुखड्यावरून ठरवू नका. जपानी गाण्यांची रचना बहुधा अशी असते की सुरुवात खाली, बोलल्यासारखी आणि साबी, म्हणजे गाण्याचा सगळ्यात भरीव, सगळ्यांना ठाऊक असलेला भाग, एकदम वर. तेव्हा घरी आधी साबीतली सगळ्यात उंच ओळ म्हणून बघा. ती ओरडावं न लागता, हनुवटी न उचलता निघाली पाहिजे. मग त्याच पट्टीत सुरुवातीची सगळ्यात खालची ओळ म्हणा. ती ऐकू येण्याइतकी उरली पाहिजे. या दोहोंच्या मध्ये जी पट्टी सापडेल ती तुमची. सेइकोसाठी माझ्याकडच्या बायका साधारण तीन-चार टप्पे उतरवतात, ताकेउची मारियासाठी बऱ्याच जणींना काहीच उतरवावं लागत नाही. ठरलेला आकडा गाण्याच्या नावापुढे वहीत लिहून ठेवा. पट्टी उतरवण्यात कमीपणा वाटून घेऊ नका, तिथे कोणी त्याकडे लक्ष देत नाही. लक्ष जातं ते ताणलेल्या गळ्याकडे.

शास्त्रीय गाणं शिकल्यामुळे तुम्हाला एक मोठा फायदा आहे आणि एक सवय आवरायची आहे. फायदा हा की जुनी जपानी गाणी अनेकदा पाच सुरांच्या चौकटीत फिरतात. मध्यम आणि निषाद वगळलेला त्यांचा सप्तक म्हणजे सरळ आपला भूप. एन्कात वारंवार येणारा उदास सप्तक सा रे कोमल ग प कोमल ध असा जातो, शिवरंजनीचा धैवत कोमल केल्यावर जसं होईल तसा. त्यामुळे चाल तुमच्या कानात पटकन बसेल. आवरायची सवय म्हणजे मींड. आपण सुरावर खालून घसरत जातो, ओळीच्या शेवटी हरकत घेतो. जपानीत अशा खालून घेण्याला शाकुरी म्हणतात, सुराला दिलेल्या छोट्या वळशाला कोबुशी म्हणतात आणि यंत्राच्या गुणांकनात दोन्ही मोजलेही जातात. पण प्रत्येक सुरावर शाकुरी आली की गाणं चिकट होतं. एन्कात कोबुशी शोभते, युमिंगच्या गाण्यात अजिबात नाही. युमिंग स्वतः जवळजवळ कंप न देता, सूर सरळ ठेवून गाते. स्थिर षड्ज लावण्याची तुमची जी तयारी आहे तीच तिथे कामाला येते. गुणांकन मात्र बंदच ठेवा. तो खेळ वेगळा आहे आणि तो सुरू असला की सगळ्या पडद्यावरच्या रेघांकडे बघतात, गाणाऱ्या बाईकडे नाही.

शब्दांचं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. पडद्यावर कांजीच्या डोक्यावर हिरागाना येतो आणि म्हणायचं अक्षर रंगत जातं. सत्तर-ऐंशीच्या दशकातली गाणी तुम्हाला सोपी जाण्याचं कारण असं की त्यांत बहुधा एका अक्षराला एक सूर असतो. नव्वदीनंतर एका सुरात दोन-तीन अक्षरं कोंबायची पद्धत वाढली, तिथे वाचता वाचता जीभ अडखळते. दोन गोष्टी सांभाळा. एक, 'न्' हे पूर्ण अक्षर आहे, त्याला स्वतःची मात्रा आहे. आपण अनुस्वारासारखा मागच्या अक्षरात मिसळून टाकतो आणि मग पुढची सगळी ओळ अर्ध्या मात्रेने पुढे पळते. दोन, बोलताना 'सु', 'त्सु' मधला उकार गिळला जातो, गाताना बहुतेक वेळा तो सूर घेऊन उभा राहतो. 'त्सु'ची भीती बाळगू नका, आपला चमच्यातला 'च' जिभेवर आहेच, त्याला उकार लावायचा. शब्द देवनागरीत लिहून घ्या, रोमन अक्षरांत अजिबात नको. रोमन वाचताना ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो, आणि जपानीत दीर्घ स्वर म्हणजे पूर्ण दोन मात्रा.

आता प्रत्यक्ष गाणी. सुरुवातीसाठी युमिंगचं 'रूज नो देन्गोन' (1975) घ्या. ठेका जुन्या रॉक अँड रोलचा, टाळ्या आपोआप पडतात आणि आवाजाचा पल्ला फार नाही. 1989 मध्ये जिबली या ॲनिमेशन स्टुडिओच्या छोट्या चेटकिणीच्या चित्रपटात सुरुवातीलाच ते वाजलं, त्यामुळे साठीच्या बाईला ते तिच्या शाळेतलं वाटतं आणि पंचेचाळिशीच्या बाईला लहानपणीच्या सिनेमातलं. गोष्ट तर आपल्या बायकांना ऐकताक्षणी कळेल अशी: नवऱ्याचं बाहेर काहीतरी चाललंय म्हणून ही न्हाणीघरात लिपस्टिकने निरोप लिहून ठेवते आणि त्याच्या आईकडे तक्रार करायला आगगाडीत बसते. हे चिडून म्हणायचं नाही, मजेत म्हणायचं.

दुसऱ्या गाण्यासाठी मी तीन पर्याय ठेवते, कारण ते तुमच्या आवाजावर अवलंबून आहे.

आवाज खर्जाकडे झुकत असेल तर ताकेउची मारियाचं 'एकि'. ते तिने आधी नाकामोरी आकिनासाठी लिहिलं आणि 1987 मध्ये स्वतः गायलं. संध्याकाळच्या स्टेशनवर गर्दीत ओळखीचा रेनकोट दिसतो, तो पूर्वीचा प्रियकर असतो, ती शेजारच्या डब्यातून त्याला बघत राहते आणि हाक मारत नाही. एवढंच घडतं. हे गाणं जपानी बायका चाळिशीनंतर गायला घेतात, विशीत ते कोणाला पेलत नाही. सगळं खालच्या सप्तकात, जवळच्या माणसाला सांगितल्यासारखं म्हणायचं. वर जाताना आवाज मोठा करायचा मोह होतो, तो केला की गाणं संपलं.

उच्चार स्वच्छ असतील आणि गाण्याला शांतपणे वेळ देता येत असेल तर तेरेसा तेनचं 'तोकि नो नागारे नि मि ओ माकासे' (1986). ती तैवानची. जपानी ही तिची शिकलेली भाषा होती आणि प्रत्येक अक्षर वेगळं, निगुतीने लावायची तिची पद्धत अजून आदर्श मानतात. परदेशी बाईने हे गाणं म्हणणं ऐकणाऱ्यांना स्वाभाविक वाटतं, आणि तुमची जपानी थोडी परकी वाटली तरी या गाण्यात ती खटकत नाही. लय संथ आहे, शब्द वाचायला भरपूर सवड मिळते.

आणि तिसरं, माझ्या मनाला सगळ्यात जवळचं, मोमोएचं 'कोस्मोस' (1977), सादा मासाशी यांनी लिहिलेलं आणि बांधलेलं. उद्या लग्न होऊन जाणारी मुलगी आणि तिची आई, शरद ऋतूतल्या उबदार उन्हाची दुपार. हल्ली पटकन डोळ्यांत पाणी येणारी आई अंगणात एकदा खोकते. पडवीत अल्बम उघडून मुलीच्या लहानपणीची तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. गळ्यात पडणं, आक्रोश यातलं काही नाही; दुसऱ्या कडव्यात सामान बांधताना आईच्या डोळ्यांतून अचानक पाणी येतं, एवढंच. त्या एका खोकल्यात सगळं आहे. ज्या बाईने लेकीची पाठवणी केली आहे, किंवा जिची स्वतःची झाली आहे, तिला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही.

हे गाणं कसं म्हणायचं ते जरा तपशिलाने सांगते, कारण माझ्या गटात यावर आम्ही बरेच आठवडे घालवतो. सुरुवातीच्या ओळी कोमल स्वरांच्या आणि खालच्या आहेत, त्या गायच्या नाहीत, सांगायच्या आहेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी संगीतात मोकळी जागा आहे. आपल्याला ती जागा भरायची खोड असते, तिथे श्वास घ्यायचा आणि गप्प राहायचं. खोकल्याच्या ओळीपाशी बायका आवाजात कापरं आणतात. मी त्यांना ती ओळ भाजीची यादी वाचावी तशी सपाट म्हणायला लावते, आणि तेव्हाच ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. मग साबी उघडते आणि सूर वर जातो. तिथेही पूर्ण ताकद लावायची नाही, कारण शेवटी मुलगी आणखी थोडे दिवस तुझी लेक म्हणून राहू दे असं म्हणते, तिथे श्वास शिल्लक हवा. पहिल्या कडव्यात दम संपवला तर शेवटची ओळ पडते, आणि गाणं त्याच ओळीसाठी आहे. मोमोएचा आवाज मुळात खालचा असल्यामुळे बहुतेकींना दोन टप्प्यांपेक्षा जास्त उतरवावं लागत नाही.

एन्का म्हणायचीच हौस असेल तर इशिकावा सायुरीचं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' (1977) हा एकमेव अपवाद मी करेन. उएनोहून रात्रीच्या गाडीने निघून आओमोरीला उतरायचं आणि बर्फातून बोटीकडे जायचं. ती बोटसेवा 1988 मध्ये सेइकान बोगदा उघडल्यावर बंद झाली, म्हणून या गाण्यातला प्रवास आता कोणालाच करता येत नाही. त्याची गंमत अशी की एका ठोक्यात तीन-तीन अक्षरं येतात, मांडीवर ठोका धरून अक्षरं मोजत म्हणालात तर दादऱ्यासारखं बसतं. शेवटाकडे लांब 'आ' येतो, तिथे तान मारू नका. सरळ, भरलेला सूर आणि शेवटी थोडा कंप, इतकंच. याच गायिकेचं 'आमागी गोए' मात्र टाळा. गळ्याला फार जड आहे आणि पहिल्याच भेटीत खोलीतली हवा तापते.

शेवटी सगळ्यांनी मिळून म्हणायचं म्हणून झार्डचं 'माकेनाइदे' किंवा नाकाजिमा मियुकीचं 'इतो' (1992) घ्या. पहिलं शाळेच्या क्रीडादिनापासून टीव्हीवरच्या चोवीस तासांच्या मॅरेथॉनपर्यंत सगळीकडे वाजलेलं आहे, साबी आली की माइक नसलेल्याही गातात. दुसरं लग्नात गातात, उभा धागा आणि आडवा धागा मिळून कापड होतं अशी त्यातली कल्पना, आणि ते इतकं संथ आहे की हिरागाना वाचणारीला कुठेच धावावं लागत नाही.

सराव कसा करायचा तेही सांगते. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी एकटीने कराओकेला जा. तेव्हा दर कमी असतो, अर्ध्या तासाच्या हिशेबानेही खोली मिळते आणि एकट्या बाईने येणं इथे अगदी रोजचं आहे. पहिल्या वेळी गाइड मेलडीचा आवाज वाढवून म्हणा, म्हणजे मुख्य चाल सोबतीला राहते. दुसऱ्या वेळी ती बंद करा. लय जड जात असेल तर तीही कमी करता येते, पण शेवटचा सराव मूळ लयीतच करा. एकच गाणं सलग पाच वेळा म्हणून गळा थकवू नका, मध्ये पाणी प्या आणि दुसरं म्हणा.

त्या रात्री एक पथ्य पाळा: कोणाचं ठरलेलं गाणं घेऊ नका. इथे बऱ्याच बायकांचं एक हक्काचं गाणं असतं, ओहाको म्हणतात त्याला, आणि सगळ्यांना ते माहीत असतं. तुम्ही नवीन असल्यामुळे तुम्हाला माहीत नसेल, म्हणून कामावर आधीच सहज विचारून ठेवा, 'तुमचं नेहमीचं गाणं कोणतं?' उत्तरात 'कोस्मोस' आलं तर तुम्ही 'एकि'कडे वळा. पहिलं गाणं सगळ्यात ज्येष्ठ बाईने किंवा जिने बेत आखलाय तिने घ्यावं, तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर 'रूज' लावा. संथ गाणं तास उलटून गेल्यावर, खाणंपिणं आणि बोलणं थोडं निवलं की घ्या. खोलीतला फोन वेळ संपायच्या साधारण दहा मिनिटं आधी वाजतो, सगळ्यांनी मिळून म्हणायचं गाणं तेव्हासाठी राखून ठेवा. गाणं लांबतंय, लोक कंटाळलेत असं वाटलं तर दुसऱ्या कडव्यानंतर बंद करायला हरकत नाही, पण हे फक्त स्वतःच्या गाण्याच्या बाबतीत.

तुम्हाला कोणीतरी भारतातलं गाणं म्हणायला सांगणारच. यंत्रात मराठी गाणं सापडेल या भरवशावर राहू नका. माइक खाली ठेवा आणि तुम्हाला येणाऱ्या एखाद्या अंगाईच्या किंवा ओवीच्या चार ओळी साथीशिवाय म्हणा. जास्त नको. त्यानंतर अर्थ काय ते दोन वाक्यांत जपानीत सांगता येईल एवढी तयारी घरून करून जा, कारण तो विचारला जातोच.

ओहाकोची चौकशी झाली की त्या बायकांचे प्राणी किंवा शोवा सालं इथे खाली लिहा, आणि पेटीवर तुम्ही हल्ली कोणत्या पट्टीत आरामात गाता तेही सांगा. 'एकि' आणि 'कोस्मोस' यांतलं तुम्हाला कोणतं बसेल आणि किती टप्पे उतरवायचे, ते मग नेमकं सांगता येईल.